दान्तेचा मधला लोक

दान्तेची ‘डिव्हाइन कॉमेडी’ मी नोकरीत असताना इंग्रजी भाषांतरातून प्रथम वाचली. नरकखंडाच्या सतराव्या सर्गाशी आलो आणि चपापलो. तापलेली वाळू, वरून आगीचा पाऊस आणि त्या वाळूत बसलेले सावकार. प्रत्येकाच्या गळ्यात घराण्याचे चिन्ह असलेली पैशाची थैली आणि डोळे तिच्यावरच खिळलेले. व्याज घेणे हे त्या काळच्या चर्चच्या लेखी पाप होते. दिवसभर कर्जाच्या फायली हातावेगळ्या करून आलेल्या बँक अधिकाऱ्याने रात्री हे वाचावे, हा योग काही बरा नव्हे!

पण दान्तेला दोष कसा द्यावा? तो १२६५ साली फ्लॉरेन्समध्ये जन्मला, आणि फ्लॉरेन्स म्हणजे पेढ्यांचे शहर. तिथला फ्लोरिन हे सोन्याचे नाणे युरोपभर चाले. नवव्या वर्षी त्याने बिआत्रिस नावाची मुलगी पाहिली आणि ती त्याच्या मनातून कधीच गेली नाही. तिचे लग्न एका पेढीवाल्या घराण्यात झाले आणि १२९० साली, ऐन तारुण्यात, ती वारली. दान्तेचाही संसार झाला, मुलेबाळे झाली. पुढे तो राजकारणात पडला. १३०० साली दोन महिने तो शहराच्या सहा मुख्य कारभाऱ्यांपैकी एक होता. ते दोन महिने त्याला जन्मभर पुरले.

सत्ता पालटली. जानेवारी १३०२ मध्ये, तो शहराबाहेर असताना, त्याच्यावर सार्वजनिक पैशाच्या अफरातफरीचा आरोप ठेवून ५००० फ्लोरिन दंड ठोठावण्यात आला. तो हजर झाला नाही. मार्चमध्ये हुकूम निघाला, की सापडल्यास त्याला जिवंत जाळावे. त्यानंतर तो जवळजवळ २० वर्षे जगला, पण घराचा उंबरा त्याला पुन्हा दिसला नाही.

अफरातफर हा शब्द वाचला की मला आमच्या शाखेतला एक रोखपाल आठवतो. रोकड कमी भरली आणि त्याला निलंबित केले. चौकशी रेंगाळली. ती चालू असतानाच तो गेला. वर्षभराने हिशेबातली चूक सापडली, ती दुसऱ्याच कुणाची होती. तो निर्दोष असल्याचे पत्र त्याच्या पत्नीच्या हाती द्यायला मीच गेलो होतो. त्या माउलीने ते वाचले, देवापुढे ठेवले आणि मला विचारले, “साहेब, हे त्यांना कळेल का हो?” मला उत्तर सुचले नाही.

दान्तेचे सारे महाकाव्य याच प्रश्नाभोवती उभे आहे, असे मला वाटते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार मृत्यूनंतर आत्म्याचा न्याय होतो आणि जगाच्या अंती सारे मृत देहासह उठतात. पश्चात्ताप न करता मेलेल्याला नरक, शुद्ध आत्म्याला ईश्वराचे दर्शन. पण ज्याने पश्चात्ताप केला आणि ज्याचे मळ धुवायचे राहिले, त्याचे काय? त्याच्यासाठी कॅथलिक चर्चने शुद्धिस्थान मानले. १२७४ सालच्या लियोंच्या धर्मपरिषदेने, जिवंत माणसांच्या प्रार्थना आणि दानधर्म अशा आत्म्यांना उपयोगी पडतात, असे स्पष्ट सांगितले. दान्ते तेव्हा नऊ वर्षांचा होता.

लोकांच्या कल्पनेत हे शुद्धिस्थान बहुधा जमिनीखालचे, आगीचे होते. दान्तेने ते उघड्यावर आणले. समुद्रातून वर आलेला एक डोंगर, त्यावर सात टप्पे, सात पापांचे. गर्विष्ठ पाठीवर धोंडे वाहतात, लोभी जमिनीवर पालथे पडलेले असतात. शिक्षा इथेही आहे, पण डोक्यावर सूर्य आहे, तारे आहेत आणि प्रत्येक जण वर चढतो आहे.

पायथ्याशीच त्याला राजा मानफ्रेड भेटतो. चर्चने बहिष्कृत केलेला हा राजा १२६६ साली लढाईत पडला, आणि त्याची हाडेही उकरून राज्याबाहेर टाकण्यात आली. दान्तेच्या काव्यात मात्र अखेरच्या श्वासाला केलेला त्याचा पश्चात्ताप देवाने स्वीकारला आहे. मी इथे आहे एवढे माझ्या मुलीला सांगा, म्हणजे ती प्रार्थना करील, एवढेच तो मागतो. वरच्या टप्प्यावर फोरेसे हा तरुणपणीचा मित्र भेटतो. तो अजून पायथ्याशी ताटकळत असेल असे दान्तेला वाटले होते, पण बायकोच्या अश्रूंनी आणि प्रार्थनांनी त्याला लवकर वर आणले. पितृपक्षात पान वाढणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. २ नोव्हेंबरला वसईत आणि गोव्यात कबरींवर मेणबत्त्या लागतात, त्या याच श्रद्धेपोटी. प्रॉटेस्टंट पंथीयांना मात्र हा मधला लोक मान्य नाही. तारण केवळ ईश्वरी कृपेने होते, असे ते मानतात.

१३१५ साली फ्लॉरेन्सने देऊ केलेली माफी दान्तेने नाकारली, कारण ती घ्यायची तर गुन्हा कबूल करावा लागला असता. सप्टेंबर १३२१ मध्ये तो राव्हेन्ना येथे वारला. पुढे फ्लॉरेन्सने त्याचा देह मागितला, तर राव्हेन्नाच्या साधूंनी हाडे लपवून ठेवली. ती सापडली थेट १८६५ साली. फ्लॉरेन्समधली त्याची समाधी आजही रिकामीच आहे. २००८ साली तिथल्या नगर परिषदेने १३०२ ची शिक्षा रद्द करण्याचा ठराव केला. ७०६ वर्षांनी!

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत या काव्याचे एक जुने हस्तलिखित जपून ठेवलेले आहे. टाउन हॉलच्या त्या पायऱ्या दिसल्या की मला त्या माउलीचा प्रश्न आठवतो. माझ्यापाशी आजही उत्तर नाही. पण कुणी दान्तेला विचारले असते, तर तो क्षणभरही न थांबता ‘हो’ म्हणाला असता.