वसंत गोवारीकर

डॉ. वसंत रणछोड गोवारीकर (२५ मार्च, इ.स. १९३३:पुणे, महाराष्ट्र - २ जानेवारी, इ.स. २०१५:पुणे) हे भारतीय अग्निबाणशास्त्रज्ञ होते. अग्निबाणांसाठी लागणाऱ्या घन इंधनाची स्वदेशी निर्मिती आणि मोसमी पावसाचा अंदाज वर्तवणारे सोळा घटकांचे प्रतिमान ही त्यांची दोन प्रमुख कार्ये होत.

शिक्षण आणि इंग्लंडमधील कार्य

गोवारीकरांचे शिक्षण कोल्हापुरात झाले. पुढे त्यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात प्रा. गार्नर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवली. घन आणि प्रवाही पदार्थांमधील उष्णता व वस्तुमान यांच्या संक्रमणाविषयीचा त्यांचा सिद्धान्त गार्नर-गोवारीकर सिद्धान्त म्हणून ओळखला जातो. इंग्लंडमध्ये त्यांनी हार्वेल येथील अणुऊर्जा संशोधन केंद्रात आणि समरफील्ड येथील अग्निबाण संशोधन केंद्रात काम केले.

अवकाश संशोधन

डॉ. विक्रम साराभाई यांच्या निमंत्रणावरून ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये केरळातील थुंबा येथे रुजू झाले. घन इंधनात अमोनियम परक्लोरेटसारखा ऑक्सिजन पुरवणारा क्षार, अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना एकत्र बांधून ठेवणारे बहुवारिक असते. या गोळ्यात बारीकशी चीर राहिली, तरी जळणारे क्षेत्रफळ वाढते, दाब चढतो आणि अग्निबाण फुटू शकतो. हे तंत्र देशातच विकसित करण्यात गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता.

१९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण अयशस्वी ठरले. मात्र १८ जुलै १९८० रोजी याच प्रकारच्या प्रक्षेपकाने ३५ किलोग्रॅमचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. या प्रक्षेपकाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते आणि प्रत्येक टप्पा एकदाच वापरला जाई. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे स्पेस शटल हे पुन्हा वापरता येणारे यान प्रथम उडाले. त्याचे दोन साहाय्यक अग्निबाणही घन इंधनाचेच होते. त्यांची कवचे समुद्रातून काढून पुन्हा वापरली जात.

मोसमी पावसाचा अंदाज

१९८६ ते १९९१ या काळात ते विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते. १९८७ च्या दुष्काळानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली तापमान, वायुदाब, वारे व हिमाच्छादन यांच्याशी निगडित सोळा घटकांवर आधारलेले प्रतिमान तयार झाले. १९८८ पासून भारतीय हवामान विभागाने ते वापरले. हा अंदाज संपूर्ण देशाच्या सरासरी पावसाचा असे. त्यामुळे धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात किती पाऊस पडेल, हे त्यावरून ठरवता येत नसे. २००२ मध्ये सामान्य पावसाचा अंदाज असताना देशात सरासरीच्या सुमारे १९ टक्के कमी पाऊस पडला. त्यानंतर हवामान विभागाने नवीन प्रतिमाने स्वीकारली. तरीही दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाला देशभर सार्वजनिक महत्त्व मिळाले ते या प्रतिमानामुळेच.

इतर कार्य आणि सन्मान

१९९१ ते १९९३ या काळात ते पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार आणि १९९५ ते १९९८ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. बहुवारिकांवरील पाठ्यपुस्तक आणि खतांचा इंग्रजी विश्वकोश (२००९) हे ग्रंथ त्यांनी सहलेखकांसह सिद्ध केले. भारत सरकारने त्यांना पद्मश्री (१९८४) आणि पद्मभूषण (२००८) हे सन्मान प्रदान केले.