विहिरीपाशी राहिलेली घागर



अनोळखी मनुष्याची भेट झाली आणि नाव विचारून झाले, की आपला दुसरा प्रश्न ठरलेला असतो. आपण काय करता? रविवारी उपासना आटोपल्यावर मंदिराच्या आवारात उभे राहून पाहा. नागपूर असो, इंदूर असो वा सिकंदराबाद, हाच प्रश्न कानी पडेल, आणि उत्तर देताना कोणी मुख्याध्यापक असेल, कोणी परिचारिका, कोणी रेल्वेतील गार्ड, कोणी पाळक. सेवानिवृत्त झाल्यावर त्याच शब्दापूर्वी आपण 'माजी' जोडतो आणि पुढील वीस वर्षे त्यावर काढतो. तो शब्द पुसून टाकला तर खाली कोण उरते, हे विचारून पाहण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.

पंडिता रमाबाईंना ते धाडस करावे लागले. त्यांचे चरित्र आपणांस ठाऊक आहे. रविवारच्या शाळेत आपण ते ऐकले आहे, केडगावच्या मुक्ती सदनाला वर्गणीही पाठविली आहे. म्हणून सर्व हकिगत पुन्हा सांगत बसत नाही. त्यांच्या जीवनातील एकच धागा आपल्यापुढे उलगडावा असा हेतू आहे.

त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळ या वनप्रदेशात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकविण्याच्या हट्टापायी त्यांनी रानात घर केले होते. पुढे कर्ज झाले, घर सुटले, आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी फिरू लागले. देवळात बसून पुराण वाचावे, ऐकणाऱ्यांनी दक्षिणा ठेवावी, त्यावर पोट भरावे. आई लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकविले, आणि बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत झाले. वाचकहो, एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. विद्या हा या मुलीचा छंद नव्हता, ती तिची भाकर होती. 1874 च्या सुमारास दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण थोड्याच महिन्यांच्या अंतराने गेली. भाऊ श्रीनिवास आणि ती एवढीच दोघे उरली. घर, शेत, नातलग यांपैकी काही राहिले नव्हते. राहिले होते ते पाठांतर.

1878 मध्ये ही दोघे भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ज्याचे सर्व हिरावले गेले आहे त्याला असे नाव मिळाले म्हणजे ते केवळ भूषण राहत नाही, अंगावरचे एकमेव वस्त्र होते. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. मागे रमाबाई व दहा महिन्यांची मनोरमा राहिली, आणि राहिले ते नाव. पुण्यात आल्यावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले ते त्या नावामुळेच. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक काढून पाहावे. भाषा जड व संस्कृतप्रचुर आहे. पंडितेने लिहिले आहे हे पहिल्या पानावरच कळते.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वी घडलेला एक प्रसंग त्यांनी पुढे आपल्या साक्षीत आवर्जून नोंदविला आहे. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील एका आश्रमात नेले. समाजाने ज्यांना पतित म्हणून टाकले अशा स्त्रिया तेथे सांभाळल्या जात होत्या. अशा स्त्रियांना दयेने वागविले जाते हे रमाबाई प्रथमच पाहत होत्या. कारण विचारता एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविला, तो शोमरोनी स्त्रीचा. त्या अध्यायाकडे आपण पुढे परत येणार आहोत.

तथापि बाप्तिस्म्याने पंडिता सुटली असे समजू नये. ख्रिस्ती मताची सत्यता त्यांना पटली होती ती मुख्यतः बुद्धीने, आणि त्या कामी काशीचे चित्पावन पंडित फादर नहेम्या गोरे यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. एका पंडिताने दुसऱ्या पंडिताला पटविले. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचला की पानापानावर वाद आढळतो. त्रैक्याविषयी वाद, मंडळीच्या अधिकाराविषयी वाद. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी इंग्रज मुलग्यांना शिकवू नये, असा हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्या संतापल्या. या ठिकाणी मी रमाबाईंच्या बाजूचा आहे. अहंकार आणि स्वाभिमान या दोन गोष्टी एक नव्हेत. दुसऱ्याच्या दडपणापुढे मान तुकविणे म्हणजे नम्रता, अशी शिकवण आपल्या मंडळ्यांतून, विशेषतः स्त्रियांना, फार दिली गेली आहे. पवित्र शास्त्रात तिला आधार नाही. रमाबाईंना जे सोडावे लागले ते बिशपांच्या सांगण्यावरून सुटण्यासारखे नव्हतेच.

1886 मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, 1889 च्या मार्चमध्ये मुंबईस शारदा सदन उघडले, पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. बाहेरून पाहता सर्व काही यशस्वी होते. अमेरिकेत त्यांच्या नावाची संस्था होती, त्यांचे इंग्रजी पुस्तक गाजले होते. आणि नेमक्या याच काळात, बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत असता, त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. ख्रिस्ती धर्म आपणांस सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही, अशा आशयाचे त्यांनी स्वतःविषयी लिहून ठेवले आहे.

त्या सुमारास एक पुस्तक त्यांच्या हाती आले. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे ते आत्मचरित्र. कॉर्नवॉलमधील बाल्डू या गावी हा पाळक अनेक वर्षे उपदेश करीत होता, आणि 1851 मध्ये व्यासपीठावर उभा असता, स्वतःच्याच उपदेशाच्या मध्ये, त्याला कळून आले की आपण पाळक आहोत, पण आपला स्वतःचा नवा जन्म झालेला नाही. मंडळीतील लोकांनी तेथेच ओळखले की पाळकाचे परिवर्तन झाले. रमाबाईंना हे पुस्तक का झोंबले असावे, हे सांगावयास नको. हॅस्लमचा झगा आणि रमाबाईंची पदवी एकाच खुंटीवर टांगलेली होती.

त्यांनी जे ओळखले ते दिसावयास साधे आहे. पापक्षमा हे ज्ञानाचे फळ नाही, सेवेचे वेतन नाही, बाप्तिस्म्याची पावतीही नाही. ती फुकट मिळते, आणि घेणाऱ्याने पापी म्हणूनच हात पुढे करावयाचा असतो. ज्या स्त्रीने आयुष्यभर जे मिळविले ते आपल्या विद्वत्तेवर मिळविले, तिला हे किती कठीण गेले असेल याचा विचार करा. पुराण सांगितल्याशिवाय जेवण मिळत नाही, हे तिला लहानपणापासून शिकविले गेले होते. आता कोणी तरी म्हणत होते, काही सांगू नकोस, बैस आणि जेव.

येथे भाषांतरकाराच्या धंद्यातील एक गोष्ट सांगण्याची परवानगी असावी. नव्या करारात क्षमा करणे या अर्थी जे ग्रीक क्रियापद वारंवार येते ते 'अफिएमी'. त्याचा मूळ अर्थ सोडणे, जाऊ देणे. मार्कच्या पहिल्या अध्यायात शिमोन व अंद्रिया जाळी सोडून येशूच्या मागे जातात, तेथे हेच क्रियापद आहे. दुसऱ्या अध्यायात येशू पक्षघाती मनुष्याच्या पापांची क्षमा करतो, तेथेही हेच. आणि योहानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्री आपली घागर विहिरीपाशी सोडून गावात धावत जाते, तेथेही हेच. मराठीत आम्हांला दोन शब्द वापरावे लागतात, एक पापासाठी आणि एक जाळ्यासाठी. त्यामुळे ग्रीक वाचकाच्या कानाला जो नाद ऐकू येई तो आपल्या कानाला येत नाही. देव पाप सोडतो आणि मनुष्य जाळे सोडतो, ही एकाच शब्दाची दोन टोके आहेत. ज्या अध्यायाने फुलहॅममध्ये रमाबाईंचे मन हलविले त्यातील घागर त्यांनी त्या दिवशी पाहिली की नाही, कोण जाणे.

1891 नंतर त्यांची श्रद्धा लपून राहीना. सदनात त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून पुण्यात गहजब झाला. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. 1893 मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि वीस-पंचवीस मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले. ज्यांनी पंडितेचे स्वागत केले होते त्यांनीच हात काढून घेतला होता. अकरा वर्षांपूर्वीची रमाबाई असती तर शास्त्रार्थाचे आव्हान दिले असते, आणि कदाचित जिंकलीही असती. आता त्यांनी सदन चालू ठेवले, दार उघडे ठेवले, आणि त्यांच्या मुलींचे पाठ पुढे गेले. ज्याला क्षमा मिळाली आहे त्याला स्वतःचे नाव राखण्याची घाई राहत नाही. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा, स्वतः दुष्काळात पोरकी झालेली ही स्त्री तेथे जाऊन उपाशी मुली घेऊन आली. केडगावची मुक्ती त्यातून उभी राहिली, आणि 1900 च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्याच आवारात कृपा सदन निघाले, फुलहॅममध्ये पाहिलेल्या स्त्रियांसारख्या स्त्रियांसाठी.

माझ्या मते खरी कसोटी यानंतर आली. 1904 च्या सुमारास, वयाच्या सेहेचाळिशीत, रमाबाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर स्वतः करावयास घेतले. त्यासाठी हिब्रू व ग्रीक या भाषा मुळाक्षरांपासून शिकल्या. ऐकू येणे कमी होत चालले होते. प्रचलित भाषांतर संस्कृत शब्दांनी बोजड झाले आहे, खेड्यातील बाईला ते कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. ही तक्रार कोण करीत आहे पाहा! संस्कृत ज्यांच्या जिभेवर होते त्या. इतर कोणाही भाषांतरकाराला सोपे लिहिताना आपल्याला येत नाही म्हणून सोपे लिहिले, असे कोणी म्हणेल याची भीती वाटते. रमाबाईंना ते कोणी म्हणू शकत नव्हते, तरीही जे येते ते न वापरणे हे न येण्यापेक्षा अवघड असते.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पत्राच्या भाषांतरात मी एक शब्द योजला होता. तो मला फार आवडला होता. गावात वाचन केले तेव्हा एका आजीबाईंनी त्याचा अर्थ विचारला, आणि माझ्या सहकाऱ्याने तेथल्या तेथे तो खोडून साधा शब्द घातला. त्याचेच बरोबर होते. मी मात्र त्याच्याशी आठ महिने कामापुरते बोललो. रात्री देवाच्या वचनावर मेहनत करावी आणि सकाळी त्या भावाला नीट नमस्कारही करू नये, असे ते दिवस होते. शेवटी मी त्याला पत्र लिहून क्षमा मागितली. त्याचे उत्तर आले ते पुढल्या अध्यायातील एका वाक्यरचनेविषयी होते, क्षमेचा उल्लेखही नव्हता. त्याने ती गोष्ट केव्हाच सोडली होती. घागर माझ्याच डोक्यावर होती.

रमाबाईंचे भाषांतर विद्वानांना फारसे रुचले नाही. शब्दशः धरल्यामुळे ते ठिकठिकाणी ओबडधोबड झाले आहे, आणि मंडळ्यांतून त्याचा प्रसार बेताचाच झाला. हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या नावामागची पदवीही कधी गेली नाही. त्यांनी ती टाकून दिल्याची घोषणा केली नाही, आणि आजही मुक्ती मिशनच्या नावात ती आहे. सोडणे म्हणजे नेहमीच फाडून टाकणे नसते, विहिरीपाशी ठेवून पुढे जाणेही असते. 1919 मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. त्या वेळी त्या मुद्रितांत गढलेल्या होत्या.

नवा करार 1913 मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या कराराचे काम चालू असता 24 जुलै 1921 रोजी एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. मुक्तीचा भार तिच्यावर सोपवावा असे ठरले होते. रमाबाई पुन्हा मेजाशी बसल्या. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या झोपेतच प्रभूकडे गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र 1924 मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या, पाने छापणाऱ्या व बांधणाऱ्या मुक्तीतीलच बाया होत्या, आणि त्यांतील कित्येकींना दुष्काळातून उचलून आणले तेव्हा एक अक्षरही ओळखता येत नव्हते.