बर्थाबाईंचा चढ

आमचं लोणखेडा सपाटीवरचं गाव. केळी, पपई, ऊस, कापूस, आणि नजर जाईल तिथपर्यंत काळी जमीन. उत्तरेला मात्र सातपुडा उभाच असतो. महाशिवरात्रीला तोरणमाळची यात्रा भरते, तेव्हा म्हसावदकडून गाड्यांची रांग लागते आणि सपाटीवर आयुष्य गेलेल्या आम्हा बायकांना घाट म्हणजे काय ते कळतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाच्या बाया एका पिकअपमधून वर निघालो होतो. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हे मलाही माहीत आहे, मीच इतरांना सांगत असते. पण एस. टी. निघून गेली होती आणि पापडांचे डबे सोबत होते. वळणावर समोरून मोठी गाडी आली, आमची थांबली. पुन्हा निघताना ड्रायव्हरने ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे सरकायला लागली. माय वं! हातभरच सरकली असेल, पण मागे दरी होती. क्लीनर पोरगा उडी मारून उतरला आणि त्याने चाकामागे दगड सारला. पुढचा सगळा रस्ता कोणी एक शब्द बोललं नाही.

घरी आल्यावर मी मुलाला विचारलं की असं का होतं. त्याने मला समजावलं. आपले पाय दोन आणि गाडीत पायाखाली तीन दांड्या : क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलेटर. चढावर थांबल्यावर डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. निघायचं म्हणजे उजवा पाय ब्रेकवरून काढून ॲक्सिलेटरवर न्यायचा. तेवढ्या क्षणात गाडीला धरून ठेवणारं कोणी नसतं. मुरलेले ड्रायव्हर हँडब्रेक ओढून ठेवतात, हाफ क्लचवर इंजिनाने जोर धरला की मगच तो सोडतात. माल भरलेली गाडी असेल तर हे सगळं आणखी अवघड.

आता काही नव्या गाड्यांमध्ये आणि महागड्या पिकअपमध्ये याची सोय येते. हिल स्टार्ट असिस्ट किंवा हिल होल्ड म्हणतात तिला. गाडी चढावर उभी आहे हे एक सेन्सर ओळखतो. तुम्ही पाय उचलला तरी ब्रेकच्या नळीतल्या तेलाचा दाब एक झडप तसाच कोंडून धरते, साधारण दोन सेकंद. तेवढ्यात इंजिनाने जोर घेतला की ब्रेक आपोआप सुटतो. म्हणजे ब्रेकवरचा तिसरा पायच म्हणा ना! पण तो दोनच सेकंदांचा पाय, हे विसरायचं नाही. गाडी उभी करून खाली उतरायचं असेल तर हँडब्रेकच लागतो, आणि वजन असेल तर चाकामागे दगडही. अगदी नवा शोध आहे असंही नाही. अमेरिकेत स्टुडबेकर कंपनीने 1936 साली याच कामाची साधी यांत्रिक युक्ती आपल्या मोटारीत बसवली होती.

हे वाचता वाचता मला एक बाई भेटली. चढावर मोटारीचं काय होतं, हा प्रश्न जिच्यासमोर अगदी सुरुवातीला उभा राहिला ती ही. बर्था बेंझ.

तिचा जन्म 3 मे 1849 रोजी जर्मनीतल्या फोर्झहाइम गावी झाला. वडील सुतारकाम आणि बांधकामातून वर आलेले. घरातल्या बायबलमध्ये मुलांच्या जन्माची नोंद करायची रीत होती. हिच्या नावापुढे वडिलांनी, दुर्दैवाने परत मुलगीच झाली, अशा अर्थाचं लिहून ठेवलं होतं आणि ते मोठेपणी तिच्या वाचनात आलं असं सांगतात. वाचून मला आपलीच कितीतरी घरं आठवली. आपल्याकडे लिहून ठेवत नाहीत, तोंडावर बोलतात, एवढाच फरक.

कार्ल बेंझ नावाच्या, यंत्रांचं वेड असलेल्या तरुणाशी तिचं लग्न ठरलं. त्याच्या भागीदाराने वांधे केले, तेव्हा 1871 मध्ये लग्नाआधीच तिने आपल्या हुंड्याच्या रकमेतून पैसे काढायला लावले आणि कारखाना वाचवला. 1872 मध्ये लग्न झालं. त्या वेळच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईला व्यवहारात स्वतःचा हक्क राहत नसे. पैसा तिचा, पण 29 जानेवारी 1886 रोजी तीन चाकांच्या मोटारीचं पेटंट मागितलं गेलं ते एकट्या कार्लच्या नावाने.

मोटार तर झाली, पण घेणार कोण? लोक हसायचे, काही घाबरायचे. कार्ल स्वभावाने बुजरा, सारखी सुधारणाच करत बसायचा. गाडी मानहाइमच्या आसपासच फिरायची, आणि मानहाइम म्हणजे ऱ्हाइन नदीकाठचं सपाट शहर. आमच्या लोणखेड्यासारखंच, सपाट!

1888 चा ऑगस्ट. मुलांना सुट्टी होती. एका पहाटे नवऱ्याला न सांगता बर्था पंधरा वर्षांच्या ऑयगेनला आणि तेरा वर्षांच्या रिचर्डला घेऊन मोटारीने माहेरी निघाली. फोर्झहाइम शंभर किलोमीटरहून थोडं जास्तच. इतक्या लांब मोटार तोवर कोणी नेली नव्हती. पेट्रोल पंप कुठला असणार? वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन नावाचं, कपड्यांचे डाग काढायचं द्रव्य घेतलं आणि तेच इंधन म्हणून ओतलं. इंजिन थंड ठेवायला वाटेत विहिरी-ओढ्यांचं पाणी. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. ठिणगीच्या तारेवरचं आवरण झिजलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळी ताणली गेली तेव्हा लोहार गाठला.

पण खरी परीक्षा पुढे होती. फोर्झहाइम काळ्या अरण्याच्या डोंगरांच्या तोंडाशी आहे. इंजिनाची ताकद जेमतेम अडीच हॉर्सपॉवर, आणि डोंगर चढायला लागणारा हळू पण ताकदीचा गिअर गाडीत नव्हताच. चढ आला की दोघं उतरून ढकलायचे, एक जण सुकाणू धरायचा. लांब झगा घातलेली, दोन मुलांची गाडी ढकलणारी ती आई मला स्पष्ट दिसते. आणि उतार आला की उलटाच घोर. ब्रेक म्हणजे चाकावर दाबले जाणारे लाकडी ठोकळे. ते झिजले. तेव्हा बाउश्लॉट गावात तिने चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज आपण मेकॅनिककडे ब्रेकचं लायनर बदलून घेतो ना, त्याची ही पणजी.

अंधार पडता पडता ती माहेरी पोचली आणि कार्लला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने परतही आली. येताना नुसत्या गप्पा नाही, कामाची यादी घेऊन आली : ब्रेक असे करा, चढासाठी आणखी एक गिअर द्या. कार्लने गिअर बसवला. तो वर्षानुवर्षं गाडी तपासत होता, पण सपाटीवर. घाटाची उणीव घाटात गेलेल्या बाईलाच कळली. हिल होल्ड काही तिने शोधलं नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पण चढावर गाडीला आधार हवा, ही गरज तिने स्वतःच्या खांद्याने मोजली होती.

पुढे कारखाना असा वाढला की 1899 च्या सुमारास बेंझ कंपनी जगातली सगळ्यांत मोठी मोटार बनवणारी झाली. पाच मुलं, संसार, महायुद्ध, सगळं तिने पाहिलं. कार्ल 1929 मध्ये गेला. त्यानंतर ती पंधरा वर्षं जगली. 3 मे 1944 रोजी, 95 व्या वाढदिवशी, कार्ल्सरूहच्या तंत्र विद्यापीठाने तिला मानद सिनेटर केलं. कार्लला त्याच विद्यापीठाचा मान कितीतरी आधी मिळाला होता. दोन दिवसांनी, 5 मे रोजी, लाडेनबुर्गच्या घरी ती वारली.

तिने मोटार नेलेली ती वाट आता जर्मनीत तिच्याच नावाने ओळखली जाते. 2008 पासून तशा पाट्या लागल्या आहेत.

आणि हो, एक सांगायचं राहिलं. या वयात मी गाडी शिकतेय. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण नंतर त्याच गाडीतून दवाखान्यात चला म्हणाल्या. गाडी जुनी आहे, तिला तो दोन सेकंदांचा पाय नाही. नदीच्या पुलाच्या चढावर मुलगा मुद्दाम थांबवतो. काल तीनदा बंद पडली, एकदा वीतभर मागेही गेली, मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला. आज हँडब्रेकवर उठवली, एका दमात. उद्या पुन्हा सकाळी सहाला, गर्दी व्हायच्या आत.