राव जोधा : जोधपूर दाखवण्याआधी मुलांना सांगायची गोष्ट



दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानला जाणाऱ्यांच्या यादीत जोधपूर हमखास असतं. निळी घरं, मेहरानगढ, जसवंत थडा, घंटाघराजवळचा बाजार. दोन दिवसांत सगळं बघून होतं, भरपूर फोटो निघतात. पण परत आल्यावर मुलांना विचारून बघा, ज्याच्या नावाने हे शहर ओळखलं जातं तो जोधा कोण होता? बहुतेक वेळा उत्तर येतं, कुणीतरी राजा होता. म्हणून आज त्याचं चरित्र, थोडं सविस्तर.

राव जोधाचा जन्म 1416 सालचा. मारवाडच्या राठोड घराण्यातला हा मुलगा. राजधानी होती मंडोर, आजच्या जोधपूरच्या उत्तरेला साधारण नऊ किलोमीटरवर. वडील राव रणमल. रणमलची बहीण हंसाबाई मेवाडच्या राणा लाखाला दिलेली होती, त्यामुळे रणमलचं चित्तोडला येणं-जाणं आणि हळूहळू वजनही वाढलं. पुढे हंसाबाईचा नातू कुंभा लहान वयात गादीवर आला, तेव्हा तर कारभार रणमलच्याच हातात आला. मेवाडच्या सरदारांना हे खुपणारच. 1438 मध्ये चित्तोडलाच रणमलचा खून झाला.

जोधा तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि चित्तोडच्या पायथ्याशीच होता. बातमी कळताच तो निघाला. सातशे स्वार घेऊन निघाला आणि मारवाडात पोहोचेपर्यंत सोबत सातच उरले, असं सांगतात. आकडा पुढेमागे करा हवा तर, पण मंडोर हातचं गेलं हे खरं. पुढची जवळजवळ पंधरा वर्षं त्याची वाळवंटात गेली. ना किल्ला, ना खजिना, ना पुरेसे घोडे. मंडोरवर केलेले हल्ले फसत राहिले.

या काळातली एक गोष्ट मारवाडात घरोघरी सांगतात. वेश बदलून फिरणारा भुकेला जोधा एका शेतकऱ्याच्या घरी थांबला. घरच्या बाईने गरमागरम खिचडी वाढली. याने घाईने मधोमध हात घातला आणि बोटं भाजून घेतली. त्या बाईने त्याला सुनावलं की तू अगदी आमच्या जोधासारखाच दिसतोस, कडेकडेने खायचं सोडून थेट मध्येच हात घालतोस. ओळखीची वाटली ना? आपल्याकडे हीच गोष्ट शिवाजी महाराजांबद्दल सांगतात, आणि चंद्रगुप्ताबद्दलही. तेव्हा वर्गात ती लोककथा म्हणूनच सांगा. एकच गोष्ट तीन राजांना कशी चिकटली, हा प्रश्न मुलांना टाकला तर तास छान रंगतो.

जोधाने मात्र खरोखर कडेची ठाणी आधी घेतली आणि 1453 मध्ये मंडोर परत मिळवलं. मेवाडशी वैर मिटवण्यात आत्या हंसाबाईचाही हात होता असं मानतात. तिची अवस्था बघा, भाऊ मेवाडात मारला गेलेला, आणि मेवाडचा राणा तिचाच नातू. पुढे जोधाची मुलगी शृंगारदेवी कुंभाच्या मुलाला, रायमलला दिली गेली. दोन्ही राज्यांची हद्द कशी ठरवली, हे भूगोलाच्या शिक्षकांनी जरूर सांगावं. जिथे बाभूळ उगवते ते मारवाड, आणि जिथे आंवळ उगवते ते मेवाड! आंवळ म्हणजे आपल्या माळरानावरचा पिवळ्या फुलांचा तरवड.

मंडोर सुरक्षित नाही हे जोधाला अनुभवाने कळलं होतं. म्हणून त्याने जवळपास चारशे फूट उंचीचा एक उघडा खडक निवडला आणि 12 मे 1459 रोजी नव्या गडाची पायाभरणी केली. तोच मेहरानगढ. आज आपण जे बघतो त्यातलं बरंचसं त्याच्या नंतरचं आहे. जय पोल 1806 चा, मोती महाल आणि फूल महालही पुढच्या राजांचे. चामुंडा देवीची मूर्ती मात्र जोधानेच 1460 मध्ये मंडोरहून आणली. खालचा राणीसर तलाव त्याची राणी जसमादे हाडी हिने बांधून घेतला. वाळवंटात गड बांधायचा तर दगडाआधी पाणी बघावं लागतं.

पाण्यावरून एक कथाही आहे. त्या डोंगरावर चिडियानाथ नावाचे एक साधू राहत होते. त्यांना उठवलं गेलं आणि त्यांनी शाप दिला की या गडाला पाणी पुरणार नाही. जोधाने मग त्यांच्या गुहेजवळ मंदिर आणि कुंड बांधून दिलं. पण शापाचा धाक गेला नाही. पायात एक जिवंत माणूस गाडायचं ठरलं.

इथे आपण शिक्षक अडखळतो. मीही अनेक वर्षं हा भाग गाळून पुढे जात असे. त्या माणसाचं नाव राजाराम मेघवाल. तो स्वेच्छेने पुढे आला, त्याच्या कुटुंबाला जमीन दिली गेली आणि ती राजबाग म्हणून ओळखली जाते, असं परंपरा सांगते. एकदा धीर करून सातवीच्या वर्गात हे सांगितलं. एका मुलीने लगेच विचारलं, सर, तो नाही म्हणाला असता तर चाललं असतं का?

मला उत्तर देता आलं नाही. पंधराव्या शतकातला मेघवाल, म्हणजे गावकुसाबाहेरचा माणूस, आणि समोर राजा. स्वेच्छा हा शब्द तिथे कितपत लागू पडतो? जोधा शूर होता, चिकाटीचा होता, यात शंका नाही. पण ज्याने पंधरा वर्षं स्वतःचा जीव वाचवत काढली, त्यानेच दुसऱ्याचा जीव पायात घातला, हेही त्याच्याच चरित्रात येतं. मुलांना हे झेपतं. आपल्यालाच वाटतं झेपणार नाही.

पुढचं थोडक्यात. जोधाचा मुलगा बिका काका कांधलशी दरबारात कुजबुजत होता. दोघं नवं राज्य जिंकायचा बेत करताहेत की काय, अशी थट्टा वडिलांनी केली. दोघांनी ती मनावर घेतली, उत्तरेला निघून गेले आणि 1488 मध्ये बिकानेर वसलं. त्याच सुमारास जोधाही वारला, सत्तरी ओलांडून. पंधरा वर्षं भटकलेला माणूस शेवटी आपल्याच गडाचा धनी म्हणून गेला.

मेहरानगढवर राजाराम मेघवालच्या नावाची शिळा आहे. गर्दी तोफा आणि महालांकडे धावते, त्यामुळे ती सहज चुकते. गडावर शिरतानाच तिथल्या माणसाला विचारून घ्या. मुलांना तिथे थांबवा आणि नाव मोठ्याने वाचायला सांगा. पाणी सोबत ठेवा, चढ बराच आहे.