कर्मवीर अण्णा : मूठभर धान्य आणि सरकारी अनुदान

गावाने एखादे मोठे काम अंगावर घेतले की पहिला प्रश्न पैशाचा उभा राहतो. देवळाचा कळस असो, शाळेची इमारत असो, पाण्याची विहीर असो की ओढ्यावरचा पूल असो, चार माणसे पारावर बसली की कोणी म्हणतो वर्गणी काढू, कोणी म्हणतो सरकारकडे अर्ज करू. वर्गणी मागायला दारोदार फिरावे लागते; अर्ज करायला एक कागद पुरतो. म्हणून पुष्कळ गावांत अर्ज आधी जातो आणि वर्गणी मागाहून येते, किंवा येतच नाही. या दोन वाटांचा मेळ कसा घालावा हे ज्याने आपल्या आयुष्याने दाखवून दिले, असा एक थोर पुरुष याच मातीत होऊन गेला. ते म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील, बहुजन समाजाचे अण्णा.

जन्म व जडणघडण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी, त्यांच्या आजोळी झाला. घराणे जैन शेतकऱ्याचे. मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील मुलकी खात्यात कारकून होते व बदलीच्या गावी कुटुंबासह राहत. सरकारी दप्तर कसे चालते, कागद कोठे अडतो आणि गोरगरीब माणूस कचेरीच्या पायरीशी किती वेळ तिष्ठत राहतो, हे या मुलाच्या डोळ्यांसमोरच होते.

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापुरास गेले. तेथे राजर्षी शाहू छत्रपतींचे राज्य होते. निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराजांनी वसतिगृहांना आश्रय दिला होता. खजिन्यातील पैसा रयतेच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च होत होता. पुस्तकी शिक्षणात भाऊरावांना फारसे यश आले नाही. मॅट्रिकपर्यंतही त्यांची मजल गेली नाही. परंतु राजाचा खजिना हा शेवटी रयतेच्याच घामाचा असतो आणि तो रयतेकडे परत यायला हवा, हा धडा त्यांनी कोल्हापुरात घेतला व तो जन्मभर जपला. याच कोल्हापुरात एका खटल्यात दुसऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याचे त्यांनी नाकारले आणि त्यापायी तुरुंगवासही सोसला. अधिकाऱ्यापुढे नम्र राहावे, पण खोटेपणापुढे वाकू नये, हा त्यांचा स्वभाव तेथेच दिसून आला.

पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी फिरले. नांगर विकायला म्हणून ते शेताच्या बांधावर जात आणि शेतकऱ्याच्या घरची स्थिती पाहून परतत. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणारा कुणबी, शाळेच्या दाराबाहेर बसवलेला अस्पृश्याचा मुलगा आणि हुशार असूनही गुरे राखणारी पोरे त्यांनी जागोजागी पाहिली. नांगर जमिनीत चालतो आहे, पण माणसाच्या डोक्याची जमीन पडीकच राहिली आहे, हे त्यांच्या मनाने घेतले.

काल्याची दसऱ्याची सुरुवात

१९१९ साली विजयादशमीच्या सुमुहूर्तावर, ४ ऑक्टोबर रोजी, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेच्या नावातच रयत होती. पाठीशी संस्थानिक नव्हता, गिरणीमालक नव्हता, सरकारी हुकूम तर नव्हताच. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले व तेथे भाऊरावांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका पंगतीला बसत, आळीपाळीने स्वयंपाक करीत व शेतात राबत. आज ही गोष्ट साधी वाटेल. त्या काळी ती समाजाला हादरा देणारी होती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

वसतिगृहाचा खर्च चालावा कसा? भाऊरावांनी गावोगाव मुष्टिफंड सुरू केला. घरच्या बाईने दळायला बसण्याआधी मूठभर धान्य वेगळे काढून ठेवायचे, आणि साठले की ते वसतिगृहाकडे पोचते करायचे. ज्याच्याजवळ रुपया नाही त्याच्याजवळ मूठभर जोंधळे असतात, हे त्यांनी ओळखले होते. या मुठीने दोन कामे केली. मुलांच्या पोटात भाकर गेली, आणि ज्या घरातून मूठ निघाली त्या घराला संस्था आपली वाटू लागली.

तरीही असे दिवस येत की कोठीत दाणा नसे. अशा प्रसंगी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक करून अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी गेले. या माउलीने मुलांची जात कधी पाहिली नाही. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेच्या पायात पहिला दगड कोणाचा, असे कोणी विचारले तर लक्ष्मीबाईंचे नाव घ्यावे लागेल.

देवळात भरलेल्या शाळा

१९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षण लोकल बोर्डांकडे आले होते. पण बोर्डांची तिजोरी तुटपुंजी. मोठ्या गावाला शाळा मिळे, डोंगरकपारीतल्या वाड्या-वस्त्या तशाच राहत. १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. लहान गावांत खाजगी संस्थांनी शाळा काढाव्यात, सरकारने त्यांना अनुदान द्यावे, असे धोरण पुढे आले. या शाळांना व्हॉलंटरी शाळा म्हणत.

पुष्कळांच्या दृष्टीने हा सरकारी कागद होता. भाऊरावांच्या दृष्टीने ती पेरणीची वेळ होती. त्यांनी गावकऱ्यांना एकत्र बसवले आणि कामाची सरळ वाटणी करून दिली. जागा गावाने द्यायची, शिक्षक संस्थेने द्यायचा, अनुदान सरकारकडून आणायचे. इमारत होईपर्यंत थांबण्याची गरज नव्हती. कोठे देवळाच्या सभामंडपात, कोठे चावडीत, कोठे धर्मशाळेत, तर कोठे झाडाखाली शाळा भरू लागल्या. सकाळी जेथे काकडआरती होई, तेथेच थोड्या वेळाने मुले पाढे म्हणू लागत. कित्येक गावांची पहिली शाळा त्या गावचे देऊळच होते, ही गोष्ट देवळाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शाळा काढायच्या तर शिकवणारा माणूस आधी तयार हवा. तोही शहराकडे डोळे लावून बसणारा नको, खेड्यात राहणारा हवा. त्यासाठी भाऊरावांनी १९३५ सालीच साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज सुरू केले होते. म्हणून अनुदानाची दारे उघडली तेव्हा इतरांची शोधाशोध चालू होती आणि रयत संस्थेची माणसे कामाला लागली होती. पाहता पाहता या शाळांची संख्या ५७८ वर गेली. अर्ज मंजूर होण्याआधीच काम पेलण्याची तयारी करून ठेवायची, ही त्यांची रीत होती.

अनुदानाची रीतही त्यांनी नीट जाणली होती. सरकार आधी पैसे देऊन मग काम पाहत नाही. काम पाहून, हजेरीपट व हिशेब तपासून मग पैसे देते, तेही पुष्कळदा वर्ष उलटून गेल्यावर आणि मान्य खर्चाच्या काही हिश्श्याइतकेच. मधल्या काळात शिक्षकाच्या चुलीचे काय? तो भार लोकवर्गणीने, मुष्टिफंडाने आणि अल्प वेतनावर राबणाऱ्या आजीव सेवकांनी उचलला. लोकांचा पैसा आधी लागला म्हणूनच सरकारचा पैसा मागून येऊ शकला.

स्वावलंबनाचे व्रत

१९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. तेथे कमवा आणि शिका या योजनेखाली मुले शेत नांगरीत, दगड फोडीत, बांधकामाच्या पाट्या उचलीत व त्यातून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवीत. लोकांनी दिलेली जमीन बहुधा खडकाळ, माळरानाची असे. कोणी तक्रार केली नाही. मुलांनी तेथे माती टाकली, विहिरी खणल्या आणि पीक काढले.

देणगीच्या बाबतीतही भाऊरावांचा एक दंडक होता. शिवाजी कॉलेजचे नाव बदलून आपल्या इच्छेप्रमाणे नाव द्यावे या अटीवर एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, अशी हकीगत महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. संस्थेला पैशाची नड असतानाही भाऊरावांनी ती रक्कम नाकारली. शिवछत्रपतींचे नाव हे विकायचे नाव नव्हे, एवढाच त्यांचा विचार होता. दात्याचा मान त्यांनी नेहमी राखला, परंतु मूठभर जोंधळे देणारी बाई आणि हजारांची थैली देणारा शेठ यांचा मान त्यांच्या लेखी सारखाच होता.

अनुदान थांबले तेव्हा

स्वातंत्र्य मिळाले आणि लवकरच संस्थेची खरी कसोटी लागली. १९४८ च्या सुमारास भाऊरावांच्या सडेतोड बोलण्याने राज्यकर्ते नाराज झाले व संस्थेचे अनुदान थांबवण्यात आले. शेकडो शिक्षकांच्या पगाराचा आणि हजारो मुलांच्या शाळेचा प्रश्न एका हुकुमाने उभा राहिला. ज्याच्या विरोधात बोललो त्याच्याच दारात क्षमा मागायची, की शाळांना कुलूप घालायचे, असा तो पेच होता.

भाऊरावांनी दोन्ही केले नाही. ते पुन्हा लोकांकडे गेले. पांढरी दाढी, अंगावर खादी, अशी ती वृद्ध मूर्ती पुन्हा गावोगाव फिरू लागली. ज्यांची मुले संस्थेत शिकली होती, ज्यांच्या घरातून मुठी निघाल्या होत्या, त्या लोकांनी हात आखडता घेतला नाही. कोणी धान्य दिले, कोणी रुपया दिला, शिक्षकांनी पगारावाचून दिवस काढले. शाळा चालू राहिल्या. याच काळात गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. अनुदान बंद पडलेल्या माणसाने नवी १०१ हायस्कुले काढण्याची भाषा करावी, याला धैर्य लागते.

संत गाडगे महाराजांचे भाऊरावांवर प्रेम होते. महाराजांनी स्वतःसाठी कोणाकडे काही मागितले नाही. पण गोरगरिबांच्या मुलांसाठी त्यांनी खेरसाहेबांकडे शब्द टाकला. संस्थेचे अनुदान पुन्हा सुरू झाले. पुढे १९५४ साली कराड येथे संस्थेचे कॉलेज निघाले, त्यास सद्‌गुरु गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. एका निरक्षर संताचे नाव महाविद्यालयाच्या कमानीवर झळकले, यात सारे काही आले.

या प्रसंगाचे मर्म असे की, अनुदान पुन्हा सुरू झाले तेव्हा ते घ्यायला संस्था शिल्लक होती. केवळ सरकारच्या पैशावर ती उभी असती, तर हुकूम निघाल्याबरोबर संपली असती आणि मग शब्द टाकायलाही काही उरले नसते. भाऊरावांनी पुन्हा मिळालेले अनुदान नाकारले नाही, उपकार म्हणूनही घेतले नाही. तो रयतेचाच पैसा आहे आणि रयतेच्या मुलांवर खर्च होतो आहे, या भावनेने त्यांनी तो घेतला.

अखेर

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला. मॅट्रिकही न झालेल्या माणसाचा विद्यापीठाने केलेला हा सन्मान होता. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यास त्यांची प्राणज्योत मालवली. साताऱ्यास त्यांची समाधी आहे. त्यांच्या हयातीत संस्थेने ५७८ व्हॉलंटरी शाळांखेरीज ३८ वसतिगृहे, १०८ माध्यमिक विद्यालये, ६ ट्रेनिंग कॉलेजे आणि ३ महाविद्यालये उभी केली. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्षाचे आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत उतरतात आणि त्यांचेच पुढे खोड होते. गावोगावच्या शाळांचे तसेच झाले.

आज ज्या गावात रस्ता हवा आहे, पाण्याची टाकी हवी आहे, शाळेला खोली हवी आहे, त्या गावाने सरकारकडे अर्ज जरूर करावा. तो हक्कच आहे. पण अर्जाच्या कागदाबरोबर गावाने आधी काढलेल्या वर्गणीची वही, आधी दिलेली जागा, आधी खणलेला पाया आणि पैपैचा चोख हिशेब असला, तर त्या अर्जाला निराळेच वजन येते. आणि मंजुरीला उशीर झाला तरी काम थांबत नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराला ज्या हातांनी दगड, वाळू, धान्य आणि रुपया दिला, त्या हातांना ही रीत नवी नाही. तीच मूठ शाळेसाठी आणि पाण्यासाठी उघडी राहिली, तर कर्मवीर अण्णांचे स्मरण पुतळ्यावाचूनही गावात राहील.