लोहाराचा मुलगा आणि इंजिनाची ठिणगी

मायकेल फॅरडे हे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये लंडनजवळ झाला. त्यांचे वडील लोहार होते. ते सारखे आजारी असायचे, म्हणून घरात फार गरिबी होती. मायकेल थोडे लिहायला, वाचायला आणि हिशेब करायला शिकले आणि शाळा सुटली.

१४ व्या वर्षी ते पुस्तके बांधायच्या दुकानात काम शिकायला लागले. तिथे ७ वर्षे होते. पुस्तके बांधता बांधता ते वाचायचे. विजेविषयी वाचलं, की प्रयोग करून बघायचे. १८१२ साली त्यांनी हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञांची व्याख्याने ऐकली. ती सगळी लिहून काढली, त्याचे पुस्तक बांधले आणि डेव्हींना पाठवले. १८१३ साली डेव्हींनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी मोठा शोध लावला. एका लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकातली वीज चालू केली किंवा तोडली, की त्याच क्षणी दुसऱ्यात वीज यायची. दोन्ही तारा जोडलेल्या नव्हत्या तरी! पुढे त्यांनी वेटोळ्यात नुसते लोहचुंबक आत-बाहेर केले. तरीपण वीज झाली.

आपल्याकडे पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप असतो. त्याच्या इंजिनात हेच होते. दोरी ओढली, की चाक फिरते. चाकात लोहचुंबक असते. ते वेटोळ्याजवळून गेले, की तारेत वीज तयार होते. मग एक छोटा इलेक्ट्रॉनिक भाग बरोबर वेळेला ती वीज एकदम तोडतो. त्यामुळे शेजारच्या बारीक तारेच्या पुष्कळ वेढ्यांत हजारो व्होल्टची वीज उठते. ती प्लगच्या फटीतून उडी मारते, ठिणगी पडते, पेट्रोलची वाफ पेटते आणि इंजिन सुरू होते. जुन्या इंजिनात वीज तोडायला पॉइंट असायचे. ते झिजायचे, काळे पडायचे आणि घासून साफ करावे लागायचे. आता तो त्रास नाही. पण मित्रांनो, चालू इंजिनाच्या प्लगला हात लावू नका. जोरात झटका बसतो.

फॅरडे यांना मुले फार आवडत. नाताळात ते मुलांना सोप्या भाषेत विज्ञान सांगत. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी इंजिन बनवले नाही, पण त्यातली ठिणगी त्यांच्याच शोधातून आली. गरिबी असली तरी वाचायचे आणि करून बघायचे सोडू नये, हे आपण त्यांच्याकडून शिकावे.