शब्दांचं वजन आणि विष्णुशास्त्री

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा आमच्या गुरुजींनी एक दोनशेपानी वही करायला लावली होती. पानाला चार रकाने : इंग्रजी शब्द, अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी. रोज पाच शब्द. रत्नागिरीच्या पावसात दप्तर भिजायचं, शाई फुटायची आणि ‘ब्रेव्ह’चा समानार्थी ‘बोल्ड’ पलीकडच्या ‘टिमिड’मध्ये विरघळून जायचा. वही भरत गेली तसा माझा एक पक्का समज झाला की, समानार्थी म्हणजे एकाच मालाची निरनिराळी नावं. हाताला येईल ते उचलावं नि वापरावं.

हा समज बँकेत मोडला. प्लेज, हायपोथिकेशन, मॉर्गेज या तिन्हींना आपण सरसकट गहाण म्हणतो. पण माल बँकेच्या ताब्यात गेला तर प्लेज. कर्जदाराकडेच राहिला आणि त्यावर बँकेचा बोजा चढला तर हायपोथिकेशन. जमीन किंवा घर असेल तर मॉर्गेज. नोकरीच्या सुरुवातीला मी जिल्ह्यातल्या एका बंदराजवळच्या शाखेत होतो. एक वयस्क तांडेल होडीच्या इंजिनासाठी कर्ज मागायला आले. अर्जात त्यांनी इंजिन गहाण ठेवतो असं लिहिलं होतं. मी अर्ज परत केला आणि वर हायपोथिकेशनची पाठ केलेली इंग्रजी व्याख्या त्यांना ऐकवली. ते काही न बोलता गेले, ते नारळी पौर्णिमा उलटून गेल्यावरच परत आले. हंगामाचे पहिले दिवस हातचे गेले होते. आमच्या शाखेतल्या जुन्या कारकुनाने त्यांना एका शब्दात सगळं समजावलं : नजरगहाण. मराठीत शब्द होता. माझ्या वहीत नव्हता.

निवृत्तीनंतर निबंधमाला पुन्हा वाचायला घेतली आणि हा तांडेल आठवला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात १८७८-७९च्या सुमारास मास्तरकी केली, हे आम्हा रत्नागिरीकरांना ऐकून माहीत असतं. त्यापलीकडे फारसं नाही.

शास्त्रीबुवांचा जन्म पुण्याचा, २० मे १८५०चा. वडील कृष्णशास्त्री पुण्याच्या संस्कृत पाठशाळेत शिकलेले; इंग्रजी त्यांनी मागाहून, मोठेपणी आत्मसात केलं. त्या पाठशाळेवर देखरेख मेजर थॉमस कँडीची. मोल्सवर्थने आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली पुरा करणारा तो हाच. म्हणजे इंग्रजी शब्दाला मराठी जोड शोधण्याचा उद्योग या घराच्या आसपासच चालला होता. कृष्णशास्त्र्यांनी डॉ. जॉन्सनच्या ‘रासेलस’चं भाषांतर हाती घेतलं, ते पुढे मुलाने तडीस नेलं. बापलेकांनी एकाच परक्या पुस्तकातले शब्द तोलले, ही गोष्ट मला त्यांच्या पदव्यांपेक्षा मोठी वाटते.

जॉन्सनचं शास्त्रीबुवांना विलक्षण वेड. निबंधमालेत त्यांनी त्याचं चरित्र ऐसपैस लिहिलं आहे. आणि माणूस होताच तसा. पुस्तकविक्याचा मुलगा, पैशाअभावी ऑक्सफर्ड अर्ध्यावर सोडलेला. सहा मदतनीस हाताशी घेऊन त्याने १७५५ साली इंग्रजीचा कोश काढला. सुमारे ४३ हजार शब्द, प्रत्येकाची व्याख्या, आणि खाली नामांकित लेखकांनी तो शब्द कसा वापरला त्याचे दाखले. त्यामुळे दोन समानार्थी शब्दांत फरक कुठे पडतो, ते वाचणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. आमच्या वहीला दाखल्यांचा रकाना नव्हता, तिथेच घोडं अडलं. ‘रासेलस’ त्याने १७५९ साली आईच्या अखेरच्या खर्चासाठी काही दिवसांत लिहून हातावेगळं केलं. पेन्शन या शब्दाची तर त्याने कोशात इतकी जहरी व्याख्या केली की, ती घेणारा देशद्रोहीच ठरावा. आणि १७६२ साली राजाने सालिना तीनशे पौंडांचं पेन्शन देऊ केलं तेव्हा निमूट घेतलं. मी स्वतः पेन्शनर असल्याने याबद्दल अधिक बोलत नाही.

निबंधमाला सुरू झाली १८७४ साली. लेखक सरकारी शाळेतला मास्तर, वय तेवीस. एकट्याने सात वर्षांत ८४ अंक. इंग्रजी शिकलेल्यांनी मराठीला गावंढळ ठरवून टाकावं याचा त्यांना संताप होता, पण इंग्रजीचा द्वेष नव्हता. इंग्रजी भाषेवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. लेखनशुद्धीवर, भाषेत शिरणाऱ्या दोषांवर लिहिलं. विद्वत्त्व आणि कवित्व हे शब्द आपण जोडीने घेतो. त्यांनी ते सोडवून समोरासमोर उभे केले आणि एक असलं की दुसरं येतंच असं नाही, हे दाखवून दिलं. ही शिस्त इंग्रजी निबंधकारांकडून घेतलेली, वापरली मराठीसाठी.

त्यांच्या लेखणीमुळेच रत्नागिरीला बदली झाली, असं मानलं जातं. तेव्हा पुण्याहून इकडे यायचं म्हणजे घाट उतरून, नाहीतर मुंबईहून समुद्रमार्गे. सरकारला दूर ठेवावीशी वाटणारी माणसं रत्नागिरीला धाडायची रीत पुढे थिबा राजा आणि सावरकरांच्या वेळी चांगलीच रुळली. २० मे १८७८ रोजी कृष्णशास्त्री वारले. मुलाचा तो अठ्ठाविसावा वाढदिवस. घराचा आधार गेलेला, पगार सरकारचा. तरी पुढच्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला. जॉन्सनच्या या भक्ताने इथे गुरूला मागे टाकलं.

मात्र एक गोष्ट मला अजून गिळता येत नाही. जोतीराव फुल्यांवर लिहिताना शास्त्रीबुवांनी त्यांच्या भाषेची, व्याकरणाची टर उडवली. फुले काय विचारत होते, ते बाजूला राहिलं. शब्दांमधला केसाएवढा फरक ज्याला दिसत होता, त्याला समोरच्या माणसाची तक्रार दिसली नाही. वाचताना मला त्यांचा राग येतो, आणि लगेच तो परत केलेला अर्ज डोळ्यांपुढे येतो. माझाही व्याकरणाचाच मुद्दा होता, आणि तो बरोबर होता.

जानेवारी १८८० मध्ये टिळक वगैरे तरुणांना घेऊन त्यांनी पुण्यात शाळा काढली. नाव न्यू इंग्लिश स्कूल. पुढच्या वर्षी ‘केसरी’ मराठीतून, ‘मराठा’ इंग्रजीतून. चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना, सगळं दोन-तीन वर्षांत. १७ मार्च १८८२ रोजी ते गेले. वयाची बत्तीस वर्षंही पुरी नव्हती.

बरोबर महिनाभर आधी, १७ फेब्रुवारी १८८२ला, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा मंजूर झाला होता. त्याच्या ५८व्या कलमात मॉर्गेजची व्याख्या आहे. बँकेच्या परीक्षेसाठी मी ती इंग्रजीत घोकली होती. तांडेलांना पहिल्या वाचनात कळेल अशा मराठीत ती लिहून काढावी म्हणून आठवडाभर खटपट करतो आहे. पहिल्याच ओळीत ‘इंटरेस्ट’पाशी अडलो. तिथे तो शब्द व्याजाचा नाही, मालमत्तेतल्या हक्काचा आहे. सरकारी मराठीत त्याला हितसंबंध म्हणतात. तो लिहिला, खोडला, आणि सध्या तिथे जागा मोकळी ठेवली आहे.